तालमीतलं तालमीत

हॅमिल्टनला युनिव्हर्सिटीच्या मागच्या रस्त्यावर माझा नातू शार्दूल ज्या घरात राहायचा, त्या घराचं नाव 'तालीम' होतं. टपालपेटीवर ते पांढऱ्या रंगानं लिहिलेलं होतं. पाच पोरं मिळून भाड्यानं राहायची. चौघं पुण्या-मुंबईकडून शिकायला आलेली आणि पाचवा आमचा शार्दूल. तो तीन वर्षांचा असताना इकडे आला. मराठी त्याला सगळं कळतं, बोलताना निम्मं इंग्रजी येतं.

ते नाव मीच सुचवलेलं. कोल्हापूरकडच्या एका तालमीत मी तरुणपणाची अकरा वर्षं काढली. पुढे साखर कारखान्यात नोकरी केली, संसार केला, पण कुणी 'तुम्ही कोण' असं विचारलं तर मनात पहिलं उत्तर यायचं, पैलवान. बायको गेल्यावर मुलगा रवींद्र मला इकडे घेऊन आला. तो आणि सून नीता सकाळी आपापल्या गाडीनं कामाला जातात. मग दिवसभर घरात मी आणि फ्रीजची घरघर.

एका शनिवारी शार्दूलनं मला त्याच्या घरी नेलं. धैर्यशील नावाचा पोरगा त्यांच्यात सगळ्यात मोठा, शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला. त्यानं वाकून माझ्या पायाला हात लावला.

"आजोबा, तुम्ही पैलवान होतात ना? आम्हाला शिकवा. इथे जिममध्ये लोक आरशात बघून डंबेल उचलतात. आम्हाला काहीतरी आपलं पाहिजे."

"आपलं म्हणजे काय रं?"

"म्हणजे... मर्दाचं."

मला हसू आलं, पण छातीत ऊबही आली. किती वर्षांनी कुणीतरी मला काहीतरी मागत होतं.

आम्ही गॅरेजमध्ये फळ्यांची चौकट ठोकली. बागेतली माती चाळून तिच्यात तेल, हळद आणि घरी घुसळलेलं ताक मिसळलं. छोटासा का होईना, कुस्तीचा हौद झाला. समोर मारुतीचा फोटो लावला. दर शनिवारी मी त्यांच्याकडून जोर-बैठका काढून घ्यायचो. पोरं मला वस्ताद म्हणायला लागली. मी नियम सांगितले, सुशील नावाच्या पोरानं ते ब्रशनं भिंतीवर लिहिले. मी अक्षरं साठीला आल्यावर शिकलो, त्यामुळे ती मोठी अक्षरं मला सोपी जायची. पहाटे उठायचं. दारू-सिगारेट नाही. परक्या बाईला आईबहीण मानायचं. बाईनं हौदात पाय ठेवायचा नाही. आणि शेवटचा, तालमीतलं तालमीत राहील.

हा शेवटचा नियम सांगताना मी प्रत्येकाला मातीवर हात ठेवायला लावला होता. आमच्या वस्तादानं आम्हाला लावला होता तसाच. "माती शब्द विसरत नाही," असंही म्हणालो होतो. तेव्हा पोरांचे चेहरे गंभीर झालेले बघून मला फार समाधान वाटलं.

पुढे ते नियम एकेक करून गळाले. आधी पहाट गेली. मग गॅरेजच्या कोपऱ्यात बिअरचे खोके दिसायला लागले. मी विचारलं तर धैर्यशील म्हणाला, "पाहुण्यांचे आहेत, वस्ताद." मी पुढं काही बोललो नाही. मग पोरं फोनवर काहीतरी बघून खिदळायची आणि मी जवळ गेलो की फोन पालथा पडायचा. तेव्हाही मी बोललो नाही. बोललो असतो तर मला न्यायला गाडी आली नसती, एवढं मला कळत होतं. शेवटचे दोन नियम मात्र त्यांनी जिवापाड पाळले.

चौथ्या नियमाबद्दल ज्या पोरीनं मला तोंडावर विचारलं, ती स्वरदा. नाशिकची. मागच्याच रस्त्यावर एका खोलीत राहायची, शिकता शिकता सुपरमार्केटच्या बेकरीत काम करायची. एकदा ती उरलेले बन घेऊन आली आणि गॅरेजच्या दारात उभी राहिली.

"आजोबा, मलाही शिकवा की. शाळेत मी कबड्डी खेळायचे."

"तसं नाही पोरी. बाईनं हौदात येऊ नये. मातीला चालत नाही."

"मातीनं सांगितलं का तुम्हाला?"

पोरं हसली. मीही हसलो.

"बरं, मग मी दारात बसून बन खाते," ती म्हणाली. "त्याला मातीची परवानगी आहे ना?"

त्यानंतर दिसली की हात हलवायची. "किया ओरा, आजोबा!" असा इथला नमस्कार रस्त्याच्या पलीकडून ओरडायची.

मे महिन्यातला तो शनिवार. इथं तेव्हा थंडी सुरू होते. नदीवरचं धुकं अकरा वाजेपर्यंत हललं नव्हतं. शार्दूल मला न्यायला आला तेव्हा नीतानं त्याच्यासाठी थालीपीठ लावलं होतं. त्यानं ते नुसतं कुस्करलं.

"बरा आहेस ना रे?" तिनं विचारलं.

"आय ॲम फाइन, मम्मा."

पोरांनी मला ठंडाई करायला सांगितली होती. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी सगळं आणून ठेवलेलं. मी म्हणालो, "एवढ्या थंडीत ठंडाई कोण पितं? गरम दूध प्या, हळद घालून."

"नाही वस्ताद, ठंडाईच," धैर्यशील म्हणाला. "तुमच्या हातची. जरा तिखट करा. आणि साखर हेप्स घाला, भरपूर."

मी वाटण करत बसलो. त्या दिवशी घरात कुणी चेष्टा करत नव्हतं. एरवी माझ्या कानाशी गाणी ठणाणा वाजायची, त्या दिवशी गाणं नव्हतं. मागच्या खोलीचे पडदे भर दुपारी ओढलेले होते. सुशील एक तिकाटणं घेऊन आत गेला, ज्यावर फोन उभा करतात तसलं. प्लास्टिकचे पेले एका ओळीत मांडले होते आणि एकच स्टीलचा पेला बाजूला.

"हा कुणाला?"

"पाहुणी येणारे," धैर्यशील म्हणाला. "स्वरदा. तिला मेसेज केला, आजोबा स्वतः ठंडाई करतायत म्हणून. नाहीतर येत नाही ती आमच्याकडे. भाव खाते."

शार्दूल सिंकपाशी पाठ करून उभा होता. नळ चालू होता आणि त्याच्या हातात धुवायला काहीच नव्हतं.

साडेतीनला स्वरदा आली. कामाच्या बुटांतच, केसांना बेकरीतलं पीठ लागलेलं. दारातून तिनं आधी पोरांकडे बघितलं आणि ती थांबली. मग मी दिसलो.

"आजोबा आहेत ना? मग ठीक आहे."

"ये ये, बस पोरी," मी म्हणालो. "आपलीच पोरं आहेत."

हे वाक्य मी म्हणालो. मला ते रोज ऐकू येतं.

ती बसली, बुटांच्या नाड्या सैल केल्या. धैर्यशीलनं आतून पेले भरून आणले आणि स्टीलचा तिच्या हातात दिला. तेवढ्यात शार्दूल माझं जाकीट घेऊन आला.

"चला आजोबा. मम्मा वाट बघतेय."

"आता? मी केलेली ठंडाई मी प्यायलो पण नाही."

"चला ना, प्लीज."

"जावा वस्ताद, उशीर होईल," सुशील म्हणाला आणि दार उघडून धरलं. स्वरदा म्हणाली, "अहो, थांबा की आजोबा." मी म्हणालो, "तू पी निवांत." आम्ही गाडीत बसलो. गाडी रस्त्याला लागत होती तेव्हा मागं गॅरेजचं दार आपोआप खाली आलं. ते दार दिवसा कधी बंद नसायचं.

पहिल्या सिग्नलला हिरवा दिवा लागला तरी शार्दूल तसाच बसून राहिला. मागच्या गाडीनं भोंगा दिला. इथं कुणी भोंगा देत नाही, इतका वेळ तो थांबला होता. नदीवरच्या पुलाआधी आमचं वळण, ते त्यानं सोडलं.

"गाडी बाजूला घे," मी म्हणालो.

त्यानं घेतली. हात स्टिअरिंगवरच होते.

"काय चाललंय तिकडं?"

"नथिंग."

"शार्दूल. त्या पोरीला काय करणार आहेत?"

"मी नाही सांगू शकत, आजोबा. तुम्हीच मला हात ठेवायला लावला मातीवर."

समोर एक बाई कुत्रा घेऊन चालली होती, तिनं आमच्याकडे बघून मान हलवली. मीही हलवली.

"मी तुला मोकळा करतो," मी म्हणालो. "मी घातलेला शब्द मी काढला. बोल."

"असं निघतो? तुम्ही म्हणालात माती विसरत नाही. दे आर माय ब्रदर्स. मी बोललो तर मला कोण ठेवून घेईल? डॅडला काय सांगू?"

एक एक मिनिट जात होतं. त्या पोरीच्या हातात पेला होता. आणि मला कळलं की याला बोलतं करायला माझ्याकडं एकच गोष्ट आहे, जी मी बायकोलाही सांगितली नव्हती.

"ऐक," मी म्हणालो. "आमच्या तालमीत रोज पहाटे एक पोरगी म्हशीचं दूध घालायला यायची. मंदा तिचं नाव. सतराची असेल. एक दिवस आम्ही उठलो तर कळशी पायरीवर आडवी पडलेली, दूध सांडलेलं, आणि आतल्या खोलीला कडी. आत आमचा सगळ्यात मोठा पैलवान होता, गावाचं नाव काढणारा. आम्ही नऊ जण बाहेर उभे होतो. आम्हाला ऐकू येत होतं. मग वस्ताद आले. त्यांनी आम्हाला हौदापाशी नेलं आणि मातीवर हात ठेवायला लावले. म्हणाले, तालमीतलं तालमीत. मंदा परत आली नाही. तिच्या बापानं महिन्याभरात म्हशी विकल्या आणि ते घर गाव सोडून गेलं. मी बावीस वर्षांचा होतो. माझ्या हातात एवढं बळ होतं की ती कडी मी एका लाथेत तोडली असती."

शार्दूल माझ्याकडे बघायला लागला.

"तुम्हाला माहीत होतं? की तो नियम कशासाठी आहे?"

"होय. माहीत होतं. तरी तुम्हाला शिकवला. मला वाटलं, तेवढं एक सोडून बाकीचं शिकवता येईल."

त्यानं कपाळ स्टिअरिंगवर टेकलं आणि तसंच, खाली बघत, भडाभडा बोलला. पेल्यात गोळी घातली आहे. ती गुंगली की मागच्या खोलीत नेणार. फोन लावून ठेवला आहे. मागच्या वर्षी एकीला असंच केलं होतं, तेव्हा तो घरात राहायला आला नव्हता, पण पोरांच्या ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ त्याला दाखवला होता. पाहिलास म्हणजे तूही आमच्यातला, असं म्हणाले होते.

"माझं काम एवढंच होतं, आजोबा. तुम्हाला आणायचं आणि तुम्हाला न्यायचं. ते म्हणाले, तू काहीच करायचं नाहीस."

"गाडी फिरव," मी म्हणालो.

बाहेरचं दार आतून बंद होतं. शार्दूलकडे किल्ली होती, पण ती त्याला भोकात घालता येईना. मी त्याच्या हातावर हात ठेवला, तेव्हा दार उघडलं.

स्वरदा सोफ्यावरच होती, अजून. मान एका बाजूला कलली होती. पेला तिच्या मांडीवर तिरका धरलेला, निम्म्याच्या खाली गेलेला. तिनं डोळे उघडले आणि ते माझ्यावर यायला फार वेळ लागला.

"आजोबा..." एवढंच म्हणाली. जीभ जड होती.

धैर्यशील उठून उभा राहिला. चेहऱ्यावर हसू होतं.

"काय विसरलं, वस्ताद?"

"हिला घेऊन जायला आलोय."

"तिला बरं वाटत नाहीये. कामाचा थकवा आहे. झोपू दे, आम्ही आहोत ना."

मी तिच्या हातातून पेला काढून घेतला आणि त्याच्यापुढे धरला.

"पी."

"काय?"

"उरलंय ते तू पी. माझ्या हातची आहे."

"मला बदाम चालत नाहीत, वस्ताद."

सहा महिने त्यानं माझ्यासमोर मूठ मूठ बदाम खाल्ले होते. खोलीत कुणी हसलं नाही. सुशील हळूच सरकून दारात उभा राहिला, हाताची घडी घालून. उरलेली दोन पोरं मागच्या खोलीच्या तोंडाशी. त्यांचे दंड, त्यांच्या मांड्या, सगळं मी मोजून घडवलेलं होतं. माझं वय शहात्तर. मला त्या क्षणी खरी भीती वाटली, आणि ती भीती त्यांना दिसली.

"तालमीतलं तालमीत ना, वस्ताद?" सुशील म्हणाला. त्यात चेष्टा नव्हती. तो मला आठवण करून देत होता.

"आता तालीम नाही," मी म्हणालो. "बाजूला सर."

धैर्यशीलनं माझ्या छातीला दोन बोटं लावली, फक्त दोन, आणि मी मागं सोफ्याच्या हातावर बसलो. पेला पडला. स्वरदाचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी तिला धरून ठेवलं. त्याहून जास्त माझ्याच्यानं काही होणार नव्हतं.

"धैर्या," शार्दूल म्हणाला. "मी पोलिसांना फोन लावतोय."

"तू नाही लावणार," धैर्यशील शांतपणे म्हणाला. "त्या व्हिडिओखाली तुझंही लाईक आहे. विसरलास?"

शार्दूलचा चेहरा पांढरा पडला. त्यानं माझ्याकडे बघितलं. मग तो एकदम खिडकीकडे गेला, खिडकी ढकलली आणि तिच्यातून उडी टाकून बाहेर गवतावर पडला. उठला तो रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि फोन कानाला लावून घराचा पत्ता ओरडून सांगायला लागला. आपला नंबर, आपलं नाव, मुलीचं नाव, पेल्यात काय आहे ते. त्याचा आवाज फुटला होता. शेजारचा म्हातारा गोरा गवत कापत होता, त्यानं यंत्र बंद केलं. समोरच्या घरातली बाई बाहेर आली. शार्दूल ओरडतच होता. एकदा बोलायला लागल्यावर त्याला थांबता येईना.

आत कुणी हललं नाही. धैर्यशीलनं फक्त फोन काढला आणि त्याचं बोट काचेवर भराभर चालायला लागलं. तो काय पुसत होता ते मला समजलं, पण मी स्वरदाला सोडू शकत नव्हतो.

संध्याकाळी आम्ही हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये बसलो होतो. डॉक्टर म्हणाले, धोका टळला आहे. चौघं पोरं पोलीस स्टेशनात होती आणि चौघांनी एकच जबाब दिला होता. मुलगी थकली होती, झोपली, दुसरं काही झालं नाही. शब्दाला शब्द जुळत होता.

रवींद्र धावत आला. त्यानं शार्दूलला कोपऱ्यात घेतलं, पण त्याचा आवाज मला ऐकू येत होता.

"एक अक्षर बोलू नकोस. आधी वकील बघू. तू त्या घरात राहतोस, तुझ्यावरही येईल. व्हिडिओचं तर नावही काढायचं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाबा, तुम्हीही. जे झालं ते आपल्यात ठेवू."

नीता बाजूला उभी होती. ती म्हणाली, "त्या मुलीच्या आईला फोन कुणी केलाय?"

कुणी केला नव्हता. नीता नंबर शोधायला निघून गेली. रवींद्रला उत्तर न देता गेली.

नर्सनं मला आत सोडलं, कारण स्वरदानं माझंच नाव घेतलं होतं. तिच्या हाताला सुई लावलेली होती. ती छताकडे बघत होती.

"तुम्ही होतात म्हणून मी बसले," ती म्हणाली. "मग तुम्ही गेलात का?"

मी उत्तर जुळवायला लागलो. शार्दूल न्यायला आला, मला माहीत नव्हतं, असं म्हणता आलं असतं.

"बिअरचे खोके मी पाहिले होते," मी म्हणालो. "पडदे पाहिले होते. ते तिकाटणं पाहिलं होतं. मला विचारायचं नव्हतं. ते मला वस्ताद म्हणायचे."

तिच्या डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळलं, ते तिनं पुसलं नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "जा आता तुम्ही." मी गेलो.

बाहेर एक पोलीस बाई शार्दूलची वाट बघत होती. रवींद्र त्याचा दंड धरून उभा होता. शार्दूलनं तो हात सोडवला आणि तिच्यामागं एका छोट्या खोलीत गेला. मीही गेलो. रवींद्र दाराबाहेर राहिला.

शार्दूलनं सगळं सांगितलं. स्वतःचं काम सांगितलं, ते लाईकही सांगितलं. पोलीस बाई लिहीत होती. मग त्यानं मागच्या वर्षीच्या मुलीचं सांगितलं आणि तिचं पेन थांबलं.

"तिचं नाव काय?"

शार्दूलनं तोंड उघडलं आणि तसाच राहिला.

"माहीत नाही," तो म्हणाला. "घरात कुणी तिचं नाव घेतलंच नाही कधी. ती इंडियाला परत गेली, एवढंच म्हणायचे."

"आणखी काही? कुठली होती? काय शिकत होती?"

त्याला काहीच आठवेना. त्यानं तो व्हिडिओ पूर्ण पाहिला होता आणि त्या मुलीबद्दल त्याला काहीही सांगता येत नव्हतं. तो माझ्याकडे बघायला लागला, जणू ते मला माहीत असेल. पोलीस बाईनं कोरा कागद पुढं ओढला, त्याच्यावर तारीख घातली आणि नावाची जागा मोकळी सोडली. "वी हॅव टाइम," ती म्हणाली आणि थांबली. काचेपलीकडे रवींद्र फोनवर कुणाशी तरी बोलत होता आणि दर थोड्या वेळानं आमच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवत होता.